वजिराचं बलिदान देताना या चुका टाळा

बुद्धिबळात वजीर देऊन डाव जिंकण्याचा मोह कुणाला होत नाही? पण क्लबात असे बहुतेक प्रयत्न फसतात, कारण खेळाडू प्रतिस्पर्ध्याचं एकच उत्तर गृहीत धरतो. त्यावर सगळ्यात चांगला धडा म्हणजे ब्रेस्लाउ (आजचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ) इथं १९१२ साली झालेला लेवित्स्की (पांढरा) विरुद्ध मार्शल (काळा) हा डाव. पट काढा आणि ही स्थिती मांडा (घराच्या नावातलं अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे आडवी).

पांढरा: राजा जी१, वजीर जी५, हत्ती सी५ आणि एफ१, प्यादी ए२, सी२, एफ२, जी२, एच२.
काळा: राजा जी८, वजीर सी३, हत्ती एच३ आणि एफ८, घोडा डी४, प्यादी ए७, बी७, ई६, जी७, एच७.

चाल काळ्याची. सी३ वरच्या वजिरावर हत्तीचा मारा आहे. मार्शलनं तो वजीर थेट जी३ वर, दोन प्यादी आणि एक वजीर यांच्या तोंडी नेऊन ठेवला!

पहिली चूक इथंच होते. एक मारणं तपासायचं, मात दिसली की हात पुढे. इथं मारण्याचे तीन मार्ग आहेत आणि तिन्ही वेगळे तपासावे लागतात. एच-प्याद्यानं मारलं तर घोडा ई२, लगेच मात. एफ-प्याद्यानं मारलं तर घोडा ई२ शह, राजा एच१, मग हत्ती एफ१ वरचा हत्ती मारून मात.

वजिरानं वजीर मारला तर मात नाही, आणि खरी परीक्षा याच फांदीत आहे. घोडा ई२ शह, राजा एच१, घोडा जी३ वरचा वजीर शहासकट परत घेतो. राजाला जी१ वर यावंच लागतं, कारण एफ-प्याद्यानं घोडा मारला तर एफ१ वर मात होते. आता मात्र काळ्याचा घोडा आणि एच३ वरचा हत्ती दोन्ही माऱ्यात आहेत. "वजीर परत मिळाला" म्हणून इथं हिशेब थांबवणारे एक मोहरा गमावून बसतात. घोड्यानं एफ१ वरचा हत्ती मारायचा. पांढऱ्यानं जी-प्याद्यानं एच३ घेतला की घोडा डी२ वर निसटतो. काळ्याकडे एक घोडा जास्त उरतो. मला हा शेवट दोन्ही मातांपेक्षा जास्त आवडतो. बलिदानाचा शेवट मातच हवा, हा हट्ट सोडा.

वजीर घेतलाच नाही तर? हा प्रश्न तर अनेकजण विचारतच नाहीत. इथं वजीर एच२ वर मात करण्याची धमकी उभी आहे. शिवाय जी३ वरच्या वजिरामुळे जी२ चं प्यादं राजासमोर बांधलं गेलंय, त्यामुळे ते एच३ चा हत्ती मारूच शकत नाही. लेवित्स्कीनं डाव सोडला.

आणखी एक. ही चाल हवेतून आली नाही. मार्शलनं आधीच्याच चालीत एच३ वर हत्तीनं उंट मारला होता आणि तेव्हाच तो एका मोहऱ्यानं पुढे होता. तो हत्ती आणि डी४ चा घोडा आधी जागेवर आले, वजीर नंतर गेला. तुमची बाकीची मोहरी अजून मागच्या रांगेत असतील, तर वजिराला हात लावू नका.