घरच्या घरी फोटो छापण्यासाठी प्रिंटर घेताना आणि वापरताना या चुका टाळा

घरच्या प्रिंटरवरचा फोटो काळपट, फिका किंवा रेघोट्यांचा निघाला की दोष यंत्राच्या माथी मारला जातो. पण चूक बऱ्याचदा खरेदीच्या दिवशीच झालेली असते. दुकानात आपण किंमत विचारतो, एका पानाला किती पैसे पडतील हे विचारतो, आणि खोक्यावरचा ‘५७६० × १४४० डीपीआय’ हा आकडा पाहून निश्चिंत होतो. हा आकडा इंचाला पडणाऱ्या शाईच्या ठिपक्यांचा आहे, छायाचित्रातील तपशिलाचा नव्हे. एका पिक्सेलची छटा उमटवण्यासाठी असे अनेक ठिपके खर्ची पडतात. छायाचित्रासाठी इंचाला ३०० पिक्सेल असले की पुरे, म्हणजे ४ × ६ इंचांच्या फोटोला १२०० × १८०० आणि ए-४ आकाराला सुमारे २४८० × ३५०८ पिक्सेल.

विचारायला हवा असा पहिला प्रश्न शायांच्या संख्येचा आहे. चार शायांच्या प्रिंटरला गालावरची किंवा आकाशातील हलकी छटा गडद शाईचे ठिपके विरळ पेरून दाखवावी लागते, आणि जवळून पाहिल्यास तो भाग दाणेदार दिसतो. एप्सन एल८०५० सारख्या सहा शायांच्या प्रिंटरमध्ये फिकट निळी आणि फिकट किरमिजी अशा दोन शाया जादा असल्यामुळे त्वचेचा रंग सलग उतरतो. कॅनन जी५७० मध्ये लाल आणि करडी शाई दिलेली आहे. दुसरा प्रश्न काळ्या शाईचा. टाकीच्या अनेक चार-शायी प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंटची (न विरघळणाऱ्या रंगकणांची) आणि बाकीच्या डायच्या (विरघळलेल्या रंगाच्या) असतात. अशी काळी शाई मजकुरासाठी उत्तम, परंतु ती चकचकीत फोटो पेपरवर नीट बसत नाही, म्हणून प्रिंटर तिथे उरलेल्या तीन रंगांतूनच काळा तयार करतो. काळ्याभोर केसांना तपकिरी किंवा हिरवट झाक येते ती यामुळे. खरेदीपूर्वी आपलाच एखादा फोटो पेनड्राइव्हवर नेऊन दुकानात छापून मागावा, आणि केस व गाल एवढेच निरखावे.

लेझर प्रिंटर कार्यालयीन कामाला चांगला, पण फोटोसाठी घेऊ नये. त्यात इंकजेटचा, म्हणजे पातळ शाई फवारणाऱ्या प्रिंटरचा, फोटो पेपर तर मुळीच घालू नये, कारण टोनर (रंगाची पूड) पक्का करणाऱ्या तापलेल्या रुळावर त्या कागदाचा लेप वितळून चिकटू शकतो आणि दुरुस्तीचा भुर्दंड पडतो.

आता वापरातल्या चुका. सर्वांत मोठी चूक मी स्वतः केलेली आहे. फोटोंवर शाई ओघळल्यासारखी दिसत होती, म्हणून मी आठवडाभर हेड क्लीनिंग (शाई सोडणारे हेड साफ करण्याची प्रिंटरमधील सोय) करत राहिलो आणि बाटलीतील बरीच शाई वाया घालवली. शेवटी लक्षात आले की छपाईच्या सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार ‘प्लेन पेपर’ असाच राहिला होता. शाई किती आणि कशी टाकायची हे प्रिंटर या सेटिंगवरूनच ठरवतो, त्यामुळे ग्लॉसी कागद घालून प्लेन निवडले तर महाग प्रिंटरही हात टेकतो. हेड क्लीनिंगची खरी गरज आहे की नाही हे आधी नोझल चेक (शाईची छिद्रे तपासण्याचे नमुना पान) छापून पाहावे, आणि त्यातील रेषा तुटक आल्या असतील तरच पुढे जावे.

फोटो स्क्रीनपेक्षा काळपट येत असेल तर बहुधा स्क्रीनच अवास्तव उजळ ठेवलेली असते. ती प्रकाश बाहेर टाकते, कागद मात्र खोलीत असलेलाच प्रकाश परतवतो. ब्राइटनेस बराच उतरवावा, आणि छापलेला फोटो पिवळ्या दिव्याखाली न पाहता खिडकीजवळ दिवसा पाहावा.

व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने आलेला फोटो आकाराने लहान झालेला असतो. ४ × ६ ला तो निभावून जातो, ए-४ ला विरविरीत दिसतो. मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावा. शिवाय मोबाइलची चौकट सहसा ४:३ असते आणि ४ × ६ च्या कागदाची ३:२, त्यामुळे बिनकडेची छपाई करताना आडव्या फोटोच्या उंचीचा सुमारे नववा हिस्सा कापला जातो. समूहछायाचित्रात मागच्या रांगेतील उंच मंडळी नेमकी त्यात सापडतात, म्हणून काटछाट आधी स्वतः करावी.

आपल्याकडे काम झाले की भिंतीवरचे बटण बंद करण्याची सवय असते. प्रिंटर मात्र त्याच्या स्वतःच्या बटणानेच आधी बंद करावा, कारण त्या वेळी हेड आपल्या जागी जाऊन झाकले जाते. मध्येच वीज तोडली तर ते उघडे राहून शाई वाळते. आठवड्यातून एकदा एखादे रंगीत पान छापणेही आवश्यक आहे. हे जमणार नसेल आणि महिन्याला पाच-दहा फोटोच लागत असतील, तर फोटोच्या दुकानातून प्रिंट काढून घेणे किंवा पातळ शाईऐवजी रंगाची रिबन वापरणारा कॅनन सेल्फीसारखा छोटा प्रिंटर घेणे शहाणपणाचे ठरेल.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, उघड्या पाकिटातील फोटो पेपर दमट होऊन वळतो आणि रोलरमध्ये अडकतो. तो सिलिका जेलच्या पुडीसह झिपच्या पिशवीत ठेवावा. छापलेला फोटोही लगेच काचेमागे बसवू नये. एक दिवस मोकळा वाळू द्यावा, अन्यथा तो काचेला चिकटतो आणि सोडवताना रंगासकट निघतो.