मे महिन्यातला ग्रो टेंट: आधी हवा ठरवा, मग दिवा

नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, २५ मेच्या आसपास लागतो, पण विदर्भात पारा त्याच्या कितीतरी आधी ४४ च्या पुढे गेलेला असतो. या दिवसांत उघड्यावर टाकलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, विरळ उगवतो, उगवला तरी उन्हानं करपतो, आणि बाजारात एवढ्याशा जुडीचा भाव चढतो. म्हणून घरातल्या खोलीत दोन बाय दोन किंवा चार बाय दोन फुटांचा ग्रो टेंट, म्हणजे दिव्याच्या उजेडात पीक घ्यायचा बंद कापडी तंबू, उभारून सांबार, पालक किंवा थोडी महागड्या बियाण्याची रोपं घ्यायचा ज्यांचा विचार आहे, त्यांच्यासाठी हा सल्ला आहे.

शेतातल्या लागवडीची रोपं करायला मात्र टेंटच्या नादी लागू नका. ६० बाय ६० सेंटिमीटरवर मिरची लावायची तर एकराला सुमारे ११,००० रोपं लागतात. चार बाय दोनच्या टेंटमध्ये ९८ कप्प्यांचे प्रोट्रे, म्हणजे रोपं करायचे प्लास्टिकचे ट्रे, मावतात चार, म्हणजे चारशेही रोपं होत नाहीत. त्या कामाला ५० टक्के सावलीचं शेडनेटच बरं. आपल्याकडे उजेड फुकट आणि भरपूर आहे. अडचण त्याच्यासोबत येणाऱ्या उष्णतेची आहे. टेंटचा उपयोग एवढाच की पीक उन्हापासून दूर नेता येतं आणि लागेल तेवढाच उजेड देता येतो. पण तो उजेड देताना दिव्याची उष्णता बाहेर काढता आली नाही, तर घरात बसवून पुन्हा शेतासारखंच करपवल्यासारखं होईल.

आता मुद्द्याची गोष्ट. एलईडी थंड असतो असं दुकानदार सांगतात. ते अर्धं खरं आहे. तेवढाच उजेड देणाऱ्या जुन्या पद्धतीच्या पिवळ्या सोडियम दिव्यापेक्षा एलईडी कमी वीज खातो, म्हणून उष्णता कमी. पण जी वीज तो खातो, तिची शेवटी उष्णताच होते. काही दिव्यातच होते, उरलेली पानांवर, कुंड्यांवर आणि टेंटच्या भिंतींवर उजेड पडल्यावर होते. १०० वॅटचा दिवा लावला की टेंटमध्ये १०० वॅटचा हीटर ठेवल्यासारखंच धरा. त्यामुळे दिवा किती मोठा घ्यायचा हे झाडाच्या भुकेवर जितकं ठरतं, तितकंच आपल्या खोलीतून किती उष्णता काढता येते यावरही ठरतं. सोडियम दिव्याचा विचार विदर्भात मे महिन्यात मनातही आणू नका.

झाडाला लागणारा उजेड चौरस मीटरला दर सेकंदाला मायक्रोमोलमध्ये मोजतात. रोपं आणि पालेभाजीला १५० ते २५० पुरतात. फळं धरायला ४०० ते ६०० लागतात, म्हणून उन्हाळ्यात टेंटमध्ये टोमॅटो-मिरचीची फळं घ्यायचा हट्ट धरू नका. दोन बाय दोनच्या टेंटला २०० मायक्रोमोल द्यायचे, तर चांगल्या प्रतीचा ४० ते ५० वॅटचा एलईडी पुरतो. चांगल्या प्रतीचा म्हणजे एका ज्यूल विजेत २.५ मायक्रोमोलच्या आसपास उजेड देणारा. हा आकडा माहितीपत्रकात दिलेला असतो. जिथे तो दिलेलाच नाही, तिथून घेऊ नका. स्वस्तातला दिवा तेवढ्याच उजेडाला दुप्पट वीज खातो, म्हणजे उष्णताही दुप्पट देतो. खरेदीत वाचलेले पैसे पंख्यात आणि बिलात जातात.

खोक्यावरच्या '१००० वॅट'ला भुलू नका. असे कितीतरी दिवे प्रत्यक्षात शंभरेक वॅटच घेतात. ते '१०००' जुन्या दिव्याशी केलेली तुलना असते, नाहीतर नुसती जाहिरात. प्लगमध्ये लावायचं वॅटमीटर मिळतं, त्यावर लावून बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका. गुलाबी-जांभळ्या उजेडाचा दिवा टाळा, पांढराच घ्या. जांभळ्या उजेडात पान पिवळं पडलं की करपलं हे डोळ्यांना कळतच नाही, आणि रोग लक्षात येईपर्यंत ट्रे हातचा गेलेला असतो. पांढऱ्या दिव्याचा आणखी एक फायदा म्हणजे मोबाईलमधल्या लक्समीटर ॲपनं अंदाज घेता येतो. पानांच्या उंचीवर १३ ते १४ हजार लक्स आले, की २०० मायक्रोमोल धरायला हरकत नाही. दिवा पानांपासून फूट-दीड फूट वर टांगा आणि मोजून वर-खाली करा.

ड्रायव्हर, म्हणजे दिव्याचा वीजपुरवठ्याचा डबा, सुटा निघणारा असेल तर तो टेंटच्या बाहेर लावा. तेवढी उष्णता आत येतच नाही. गावात व्होल्टेज संध्याकाळी पडतं आणि मध्यरात्री चढतं, म्हणून इनपुटची रेंज मोठी असलेला ड्रायव्हर निवडा.

फक्त मायक्रोग्रीन, म्हणजे कोवळी असतानाच कापून खायची रोपं, करायचे असतील तर टेंट नको, ग्रो लाईटही नको. उघड्या रॅकवर साध्या २० वॅटच्या पांढऱ्या एलईडी बॅटन लावा. हवा मोकळी राहते आणि काम भागतं.

पंख्याचा हिशेब सोपा आहे. दिव्याचे वॅट गुणिले ३, भागिले टेंट खोलीपेक्षा जितके अंश गरम झालेला चालेल ते अंश. उत्तर ताशी घनमीटरमध्ये येतं. ५० वॅटचा दिवा आणि ३ अंशांची सूट धरली, तर ताशी ५० घनमीटर, म्हणजे सुमारे ३० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा काढावी लागते. पण पंख्यावर लिहिलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो. पाइप, वळण आणि फुलकिडे-पांढरी माशी अडवायला लावलेली बारीक जाळी यांत हवा अडते, म्हणून हिशेबाच्या दुप्पट ताकदीचा पंखा घ्या. तो वरच्या तोंडाला लावा, कारण गरम हवा वर साचते. खालचं तोंड हवा आत यायला मोकळं ठेवा. आणि पंख्याचा पाइप खिडकीतून किंवा झरोक्यातून घराबाहेर काढा. त्याच बंद खोलीत हवा सोडली, तर तीच गरम हवा खालून परत आत येते, आणि मग पंखा कितीही मोठा असला तरी पारा चढतच राहतो.

पंखा टेंटला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली ३८ असेल तर टेंट ४१ होणारच. म्हणून जागा निवडणं दिव्याच्या खरेदीपेक्षा महत्त्वाचं. टिनाच्या शेडमध्ये किंवा टिनाखालच्या माळ्यावर टेंट लावू नका. जाड मातीच्या भिंतींचं धाब्याचं घर किंवा कवेलूच्या घरातली आतली खोली उत्तम. स्लॅबचं घर असेल तर वर चुना मारा, तरीही तापलेला स्लॅब अर्ध्या रात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो हे लक्षात ठेवा.

याच कारणानं दिवा रात्री लावा. रात्री ८ ला चालू, सकाळी १० ला बंद. हे १४ तास झाले. २०० मायक्रोमोलनं एवढ्या वेळात पालेभाजीला आणि रोपांना पुरेल इतका उजेड मिळतो. दुपारी खोली सगळ्यात तापते तेव्हा दिवा बंदच असतो. मधे तासभर लाईन गेली तरी झाड त्यानं मरत नाही. इन्व्हर्टर असेल तर त्यावर पंखा ठेवा, दिवा नको. पंखा बंद पडून दिवा चालू राहणं हा सगळ्यात मोठा धोका आहे, त्यासाठी टेंटमध्ये डिजिटल तापमान कंट्रोलर बसवा आणि ३४ अंशांवर दिवा आपोआप बंद होईल असं लावून ठेवा.

आपल्याकडे मे महिन्यात निसर्ग एक सोय देतो, कोरडी हवा. दुपारी हवेतला ओलावा १५ ते २० टक्क्यांवर येतो, अशा वेळी कूलर ४४ अंशांची हवा ३० च्या जवळ आणू शकतो. त्यासाठी कूलर खिडकीबाहेर ठेवून बाहेरची कोरडी हवा आत घ्या. बंद खोलीत ठेवलेला कूलर तासाभरात नुसता दमटपणा करतो. कूलरचा झोत सरळ टेंटवर सोडू नका, पाण्याचे तुषार जोडण्यांवर बसतात. कूलरच्या वुडवूल किंवा वाळ्याच्या ताट्या उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच बदला. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथलं पाणी खारट आहे तिथे, ताट्यांवर मीठ लवकर चढतं, तिथे त्या महिन्या-दीड महिन्यात बघा. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून अनेक जण ते झाडांना घालतात. टेंटमधल्या ट्रेला ते कधीच घालू नका, कारण पाणी उडून जातं आणि क्षार टाकीत साठत जातात. कोवळी मुळं ते सोसत नाहीत.

कूलर, ओली फरशी आणि उघडं वायरिंग एकत्र आलं की जीव जातो. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं दगावतात, त्यात लेकरंही असतात. ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की लाईन तोडणारं बटण, आणि चांगलं अर्थिंग झाल्याशिवाय टेंट सुरूच करू नका. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर ठेवू नका, भिंतीला वर ठोका, आणि वायर बोर्डाकडे जाताना खाली लोंबू द्या, म्हणजे तिच्यावरून आलेलं पाणी खालीच टपकेल. पाणी घालताना आधी बटण बंद करा. हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा, कारण आपण बाहेरगावी गेलो की पाणी घालायला आई किंवा मुलगीच जाते.

बिलाचं म्हणाल तर ५० वॅटचा दिवा १४ तास चालला की महिन्याला २१ युनिट होतात. २० वॅटचा पंखा दिवसरात्र चालला की आणखी साधारण १४. घरगुती बिलात १०० युनिटांचा टप्पा ओलांडला की पुढचा दर चढतो, तेव्हा आधीचा वापर किती आहे ते बघून ठरवा. कूलरचा वापर यात धरलेला नाही.

जूनमध्ये पाऊस लागला की हा बेत उलटा होतो. हवा दमट झाल्यावर कूलरनं गारवा येत नाही, नुसता ओलावा वाढतो आणि रोपं बुडाशी काळी पडून कोलमडतात. पहिला चांगला पाऊस झाला की टेंटच्या खोलीतला कूलर बंद करा, पंखा चोवीस तास चालू ठेवा, पाणी सकाळीच आणि कमी द्या, ट्रे भरताना त्यातल्या मिश्रणात ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, मिसळा. बाहेर लावायची रोपं टेंटमधून सरळ उन्हात नेऊ नका. बाहेरचं दुपारचं ऊन टेंटमधल्या उजेडाच्या आठ-दहा पट असतं. आधी शेडनेटखाली ठेवा, रोज थोडा वेळ सकाळचं ऊन दाखवा, आणि सात ते दहा दिवसांनी लावा.