युरोपातल्या मोठ्या कड्यांवर चढायला जाताय? या चुका टाळा

दर वर्षी फेब्रुवारी-मार्च आला की विचारणा सुरू होते. "दादा, डोलोमाइट्सला चाललोय, कुठला रूट करू?" "व्हर्दोंला सिक्स-ए झेपेल का?" पहिले इटलीतले डोंगर, दुसरी फ्रान्समधली दरी. रूट, ग्रेड (रूट किती अवघड याचं माप, सिक्स-ए त्यातलंच), शूज, रोपची लांबी, सगळं विचारून होतं. उतरायचं कुठून, हे आपणहून विचारणारं कुणी अजून भेटलेलं नाही. सह्याद्रीत उत्तम चढणारी मुलंमुली तिकडे जाऊन अडकतात, आणि बहुतेक वेळा हातात ताकद कमी पडली म्हणून अडकत नाहीत. उतरणीचा अभ्यास केलेला नसतो आणि घड्याळाकडे लक्ष नसतं. म्हणून या दोन गोष्टींवर सविस्तर लिहितो. बाकीचं थोडक्यात.

उतरणीचा अभ्यास न करता भिंतीला हात लावणं

आपल्याकडे सुळका चढला की आलो त्याच मार्गाने रॅपल करत, म्हणजे रोपवरून सरकत, खाली. खडकात भोक पाडून बसवलेला बोल्ट आपण मारलेला, नाहीतर ओळखीच्या क्लबने मारलेला. खाली टीम उभी, चहा तयार. या सवयीमुळे उतरण हा वेगळा विषय आहे हेच डोक्यात नसतं.

आता इटलीतल्या त्रे चिमे दी लावारेदोकडे बघा. तीन सुळक्यांतला मधला चिमा ग्रांदे, उंची २,९९९ मीटर. त्याची सुमारे ५०० मीटरची उत्तर भिंत १९३३ साली एमिलिओ कोमिची आणि दिमाई बंधूंनी पहिल्यांदा चढली. आपली मंडळी सहसा तिच्या वाट्याला जात नाहीत. ती जातात ईशान्येच्या धारेवर, स्पिगोलो दिबोनावर. १९०९ सालचा रूट, अवघड भाग चौथ्या ग्रेडचे, उंची अफाट, मजा पुष्कळ. दोन्ही रूट माथ्याच्या खाली डोंगराला वेढा घालणाऱ्या एका लेजवर, म्हणजे कड्यातल्या अरुंद सपाट पट्टीवर, येऊन संपतात. तिथून वळसा घालून दक्षिण बाजूला यायचं आणि १८६९ साली पहिली चढाई झाली त्या 'नॉर्मल रूट'ने उतरायचं. हा उतार तिसऱ्या ग्रेडचा. कुठे चालायचं, कुठे हातापायांनी उतरायचं, कुठे सिमेंटने बसवलेल्या धातूच्या कड्यांवरून रॅपल करायचं. वाट माहीत असलेल्या जोडीलाही दोन-तीन तास लागतात.

एका ऑगस्टमध्ये आम्ही त्याच उतारावर होतो. ढग खाली आले होते आणि संध्याकाळ होत आली होती. बाजूच्या घळीतून आवाज आला, "अरे, ओढ ना जोरात, अडकलाय!" चिमा ग्रांदेवर मराठी! लेजच्या कडेला जाऊन खाली पाहिलं, तर ठाण्या-नाशिककडची दोन मुलं सतरंजीएवढ्या जागेवर उभी होती. खाली सरळ तुटलेला कडा.

झालं होतं असं. दक्षिण बाजूला आलं की खाली आउरोंझो हटजवळचा (हट म्हणजे डोंगरातलं मुक्कामाचं घर) पार्किंगचा तळ दिसतो. गाड्या दिसतात, माणसं दिसतात, आणि सरळ खाली गेलं तर अर्ध्या तासात पोचू असं वाटतं. या दोघांना एका खडकाला बांधलेली, उन्हाने पांढरी पडलेली जुनी स्लिंग (पट्ट्याचा फास) दिसली. स्लिंग आहे म्हणजे रस्ता आहे, असं धरून त्यांनी रॅपल केलं. खाली दुसरं स्टेशन, म्हणजे रोप आणि स्वतःला अडकवायची पक्की जागा, नव्हतंच. ती स्लिंग आधी चुकलेल्या कुणीतरी मागे टाकलेली होती. यांनी रोप ओढायला सुरुवात केली. दोन रोप जोडणारी गाठ एका भेगेत घट्ट बसली आणि ओढताना रोपबरोबर मुठीएवढे दगड खाली येऊ लागले.

आम्ही लेजवर भक्कम अँकर (रोप बांधायचा आधार) करून आमचा रोप खाली सोडला, एकेकाला बिले देत, म्हणजे रोपने सांभाळत, वर घेतलं. वर येताना त्यांनी गाठही सोडवली. पुढचा सगळा उतार अंधारात झाला. दोघांत मिळून एकच हेडटॉर्च, तीही मिणमिणती. त्यातल्या एकाला दिबोनाची प्रत्येक पिच (दोन स्टेशनमधला टप्पा) तोंडपाठ होती. उतरणीचं वर्णन वाचलं होतं का, असं विचारलं तर म्हणाला, "दादा, उतरायचंच तर होतं. म्हटलं, सोपंच असेल."

मुलगा हुशार होता, धीराचाही होता. चूक शिकवणाऱ्यांचीही आहे. आपण लीड (रोप घेऊन पुढे चढणं) शिकवतो, उतरण शिकवत नाही.

माझी पद्धत अशी. रूटच्या आदल्या दिवशी उतरणीच्या पायथ्याशी जायचं आणि जमेल तेवढं वर चढून बघायचं. कुठली घळ खरी, कुठली खोटी, हे खालून फोनवर फोटो काढून त्यावर खुणा करून ठेवायच्या. नॉर्मल रूट सोपा असेल तर आधी तोच चढायचा. "एक दिवस वाया जातो" म्हणणाऱ्यांबरोबर मी जात नाही. आणि एकटी जुनी स्लिंग दिसली तर आधी तिच्यावर संशय घ्यायचा. पुढचं स्टेशन डोळ्यांना दिसल्याशिवाय किंवा वर्णनाशी जुळल्याशिवाय रोप ओढायचा नाही. एकदा ओढला की परतीची वाट बंद.

स्पेनमध्ये पिकोस दे एउरोपातल्या नारांहो दे बुल्नेसची (२,५१९ मीटर) उतरण त्यामानाने सरळ आहे. पश्चिमेची ५०० मीटरची भिंत चढा किंवा दुसरीकडून या, उतरायचं दक्षिण बाजूने रॅपल करत. मात्र तिथे समुद्र जवळ. कोकणातून ढग घाटमाथ्यावर चढावेत तसं धुकं उठतं आणि रॅपलचं पहिलं स्टेशन शोधण्यातच तास जातो. चढण्याआधी ते कुठे असणार हे पक्कं ठाऊक हवं.

एका स्टेशनवर पंधरा मिनिटं घालवणं

हा हिशेब कागदावर करून बघा. पंधरा पिचचा रूट आहे. प्रत्येक पिचला चाळीस मिनिटं लागली तर दहा तास. सकाळी सहाला सुरू केलं तर दुपारचे चार. पंचवीस मिनिटं लागली तर सव्वासहा तास, म्हणजे सव्वाबारा. जुलै-ऑगस्टमध्ये डोलोमाइट्सला दुपारनंतर वादळ येणं ही नेहमीची गोष्ट आहे. चारला वर पोचणारी जोडी विजेच्या तोंडी असते, सव्वाबाराची जोडी उतरणीच्या अर्ध्यावर. आणि दोन्ही जोड्या चढण्यात सारख्याच तरबेज असू शकतात. वेळ जातो तो स्टेशनवर. रोपचा गुंता सोडवणं, गियर परत देणं, पुढची पिच कुठली यावर चर्चा, फोटो.

आपल्या मोहिमांची पद्धतही याला कारणीभूत आहे. एकजण लीड करतो, रोप फिक्स होतो, मागून बाकीचे जुमारवर (रोपला पकडून वर सरकायचं साधन) येतात. उत्तम टीमवर्क, पण त्यात दोघांची जोडी घड्याळावर चालायला शिकत नाही. जाण्याआधी एक अख्खा हिवाळा ड्यूक्स नोजवर नाहीतर तैलबैलाच्या भिंतीवर दोघांनीच चढा, आळीपाळीने लीड करा. सेकंड, म्हणजे मागून येणारा, स्टेशनवर पोचल्यापासून पुढच्या लीडचा पाय सुटेपर्यंत किती मिनिटं गेली ते मोजा. पाचच्या खाली येईपर्यंत विमानाचं तिकीट काढू नका. मला हे निकराने सांगावं लागतं, कारण इन्स्टाग्रामवर माथ्याचे फोटो दिसतात, स्टेशनवरची शिस्त दिसत नाही.

आदल्या संध्याकाळी डोलोमाइट्ससाठी आराब्बाच्या केंद्राचं हवामानपत्रक बघायचं. हटमध्ये ते लावलेलं असतं. मागे फिरायची वेळ मी टेपवर लिहून ती टेप मनगटाला चिकटवतो. ती वेळ झाली आणि ठरलेली पिच आली नाही तर खाली. यावर वाद घालायचा नाही.

व्हर्दोंला रस्त्यालगत आहे म्हणून सोपं समजणं

फ्रान्समधल्या व्हर्दों दरीत सगळं उलटं. ला पालू गावातून गाडी कड्याच्या माथ्यावर नेता येते. रेलिंगजवळ पर्यटक फोटो काढत असतात आणि तिथूनच रॅपल करत लेस्कालेस नावाच्या भिंतीत उतरायचं, मग चढून वर यायचं. वर यायला जमलं नाही तर? अधल्यामधल्या लेजवरून बाहेर पडायची वाट नसते. ग्रेड जुन्या काळातले आणि कडक, खडक जागोजागी गुळगुळीत झालेला, आणि दोन बोल्टमधलं अंतर क्लाइंबिंग जिममध्ये शिकलेल्याला घाम फोडणारं. मुंबई-पुण्याच्या जिममध्ये सिक्स-बी करणाऱ्यांनी इथे फाइव्ह-सीपासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे.

पहिल्या भेटीत 'ला दमांद' करा. १९६८ साली चढलेला रूट, सुरुवात दरीच्या तळातून. बोगद्यांतून चालत जावं लागतं, टॉर्च हवीच. वरच्या चिमण्या, म्हणजे आत शिरून चढायच्या रुंद उभ्या भेगा, अंग सोलून काढतात. पण ती भिंत खालून वर नीट बघून होते आणि पुढच्या वेळी रॅपल करताना आपण कुठे लटकतोय हे कळतं. रॅपलला रोपच्या दोन्ही टोकांना गाठी, कमरेला प्रुसिक (रोपवर आवळून बसणारा दोरीचा फास), आणि वारा असेल तर रोप फेकायचा नाही. हार्नेसच्या (कमरेच्या पट्ट्याच्या) बाजूला रोपची गुंडाळी लटकवून सोडत सोडत उतरायचं. गाठ भेगेत अडकेल म्हणून न मारणारे लोक मी पाहिले आहेत. अडकलेली गाठ सोडवता येते. टोकावरून सुटलेल्या माणसासाठी काही करता येत नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत डोलोमाइट्स

हट बंद, घळींमध्ये बर्फ, उतरणी धोक्याच्या. हट साधारण २० जूननंतर उघडतात आणि सप्टेंबर अखेरीस मिटतात. मे किंवा दिवाळीचीच सुट्टी मिळत असेल तर व्हर्दों किंवा क्रोएशियातलं पाक्लेनित्सा धरा. तिथल्या अनिचा कुकची भिंत ३५० मीटरची आहे आणि पहिल्या मोठ्या चढाईला उत्तम.

व्हिसाच्या विम्यावर विसंबणं

शेंगेन व्हिसाला ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो, तो आपण काढतो आणि निर्धास्त होतो. पॉलिसीची बारीक अक्षरं वाचा. रोप वापरून केलेली चढाई बहुतेक वेळा वगळलेली असते. चिमा ग्रांदेची दक्षिण बाजू ज्या व्हेनेतो प्रांतात येते, तिथे इजा न झालेल्या माणसाला हेलिकॉप्टरने उचललं तर त्याचे पैसे लावतात. नुसतं अडकलं म्हणून बोलावलं तर बिल येतं. गिर्यारोहणातला बचाव स्पष्ट शब्दांत लिहिलेला विमा वेगळा काढा.

जुनं गाइडबुक

फ्रान्समधल्या शामोनीजवळच्या द्रू सुळक्यावर इटालियन गिर्यारोहक वॉल्टर बोनातीने १९५५ साली एकट्याने चढलेला खडकाचा खांब २००५ मध्ये कोसळला. पुस्तकात रूट आहे, डोंगरावर नाही. हटच्या व्यवस्थापकाला विचारा, त्याला ताजी खबर असते.

एकच जाड रोप नेणं

६० मीटरचे दोन हाफ रोप (जोडीने वापरायचे बारीक रोप) न्या. वाकड्यातिकड्या पिचवर घर्षण कमी होतं आणि पूर्ण लांबीचं रॅपल करता येतं.

बोल्ट मारायची हौस

ड्रिल घरी ठेवा. तिथल्या जुन्या रूटवर जिथे मेख आहे तिथे मेख, जिथे काही नाही तिथे आपला नट (भेगेत अडकवून परत काढायचा धातूचा तुकडा). जमत नसेल तर खाली या. दुसऱ्याच्या डोंगरावर आपला बोल्ट मारणं हा उद्धटपणा आहे.

पहिलीच मोठी भिंत म्हणून ट्रोलव्हेगेन

नॉर्वेतली ही भिंत सुमारे १,१०० मीटरची, ओली, थंड आणि दगड कोसळण्यासाठी कुप्रसिद्ध. १९९८ मधल्या मोठ्या दरडीने तिथले जुने रूट मोडले. पुष्कळ वर्षांनी जा.

मदत मागायची कशी, हे माहीत नसणं

युरोपभर ११२. फोन लागत नसेल तर शिटी किंवा टॉर्च, मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा. समोरून मिनिटाला तीन वेळा उत्तर आलं म्हणजे निरोप पोचला. हेलिकॉप्टर जवळ आलं की मदत हवी असल्यास दोन्ही हात वर, नको असल्यास एक हात वर आणि एक खाली. उत्साहाने एक हात हलवून टाटा करू नका, पायलट त्याचा अर्थ 'गरज नाही' असा घेऊ शकतो. स्लिंग, जॅकेट, सॅक, जे जे उडू शकतं ते सगळं अँकरला अडकवा, आणि बचाव पथकाचा माणूस सांगेपर्यंत स्वतःला अँकरमधून सोडवू नका.