चांगला हॅम्बर्गर कसा ओळखावा आणि घरी कसा करावा

खानदेशात हॅम्बर्गर आता अपूर्वाईचा राहिलेला नाही. जळगाव, धुळे, भुसावळ या शहरांतल्या कॅफेंमध्ये तो मिळतो आणि संध्याकाळी लागणाऱ्या हातगाड्यांवरही मिळतो. तरीही चांगला बर्गर खाल्ल्याचे समाधान क्वचितच लाभते. पुष्कळदा सॉस, चीज आणि मसाला यांच्या गर्दीत टिक्कीची चवच हरवलेली असते. बर्गरचा जीव टिक्कीत असतो आणि बाकीच्या सर्वांनी तिला साथ द्यायची असते, एवढे ध्यानात ठेवले तर बाहेर काय मागवावे आणि घरी काय करावे, हे दोन्ही प्रश्न बरेच सोपे होतात.

अमेरिकेतल्या हॅम्बर्गरची टिक्की गोमांसाच्या खिम्याची असते. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्याबंदी लागू आहे, आणि मॅकडोनाल्ड्सने १९९६ साली भारतात पहिली दालने उघडली तीही गोमांस न ठेवताच. त्यामुळे आपल्याकडचा बर्गर चिकन, बोकडाचे मटण, बटाटा किंवा अन्य भाज्यांचा असतो. यात उणे काही नाही. मात्र प्रत्येक टिक्कीचा स्वभाव वेगळा असल्याने तिला त्याप्रमाणे वागवावे लागते.

बाहेर खाताना

मागणी नोंदवण्यापूर्वी दोन गोष्टी विचारण्यात संकोच करू नये: टिक्की येथेच केली जाते की गोठवलेली येते, आणि ती तव्यावर भाजतात की तेलात तळतात. गोठवलेली टिक्की वाईटच असते असे नाही, परंतु ज्या ठिकाणी टिक्की स्वतः करतात तेथील माणूस या प्रश्नाचे उत्तर आनंदाने देतो आणि बहुधा त्याच्या हातचा बर्गरही चांगला असतो. गाडीवर तर सारे डोळ्यांसमोरच घडते. पावाचे दोन भाग लोण्यावर उलटे टाकून त्यांच्या कडा सोनेरी होईपर्यंत थांबणारा माणूस आणि थंड पावात थेट टिक्की सरकवणारा माणूस यांच्यातला फरक तेथे अर्ध्या मिनिटात दिसून येतो.

अनोळखी ठिकाणी पहिल्यांदा सर्वांत साधा बर्गर मागवावा. दुहेरी टिक्की, तिहेरी चीज आणि तंदुरी सॉस यांच्याखाली शिळा पाव आणि कोरडी टिक्की सहज लपतात. साध्या बर्गरमध्ये लपायला जागा नसते. सॉस कमी किंवा वेगळा द्यायला सांगावा. उन्हाळ्यात मेयोनेजविषयी विशेष दक्षता घ्यावी, कारण कच्च्या अंड्याचे मेयोनेज उष्म्यात लवकर बिघडते. तेलंगणाने २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने २०२५ मध्ये अशा मेयोनेजवर वर्षभराची बंदी घातली होती. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो, तेव्हा बाहेर उघड्या भांड्यात ठेवलेले मेयोनेज नाकारणेच शहाणपणाचे.

बर्गर शक्यतो तेथेच खावा. डब्यात बंद केलेल्या गरम बर्गरची वाफ पावात मुरते आणि घरी पोहोचेपर्यंत पाव लिबलिबीत होतो. पार्सल घेणे भागच असेल, तर भाज्या आणि सॉस वेगळे बांधून घ्यावेत आणि घरी पाव पुन्हा तव्यावर शेकून घ्यावा.

मटणाची टिक्की

खाटकाकडून तयार खिमा न घेता मांस निवडून समोरच खिमा करून घ्यावा. बोकडाचे मांस कमी चरबीचे असते, म्हणून अर्ध्या किलो खिम्यात सुमारे शंभर ग्रॅम चरबी येईल असे मांस मागावे. चरबीचा कंटाळा करून चालत नाही, कारण भाजताना तीच वितळून टिक्की रसदार ठेवते. ती नसेल तर कितीही काळजी घेतली तरी टिक्की भुशासारखी कोरडी लागते. खिमा जाडसर असावा आणि वापरण्याच्या क्षणापर्यंत फ्रिजमध्ये थंड राहावा.

एवढ्या खिम्याच्या शंभर ग्रॅमच्या पाच टिक्क्या होतात. कणकेसारखा मळू नये. हलक्या हाताने गोळा करून तो पावापेक्षा साधारण एक सेंटिमीटर रुंद थापावा, कारण भाजताना टिक्की आक्रसते, आणि मधोमध अंगठ्याने उथळ खळगा करावा म्हणजे ती फुगून चेंडूसारखी होत नाही. मीठ खिम्यात मिसळू नये. मिसळून ठेवलेले मीठ मांसातील प्रथिने विरघळवून त्यांना चिकट करते आणि टिक्की कबाबासारखी घट्ट होते. म्हणून मीठ आणि जाडसर मिरपूड तव्यावर टाकण्याच्या क्षणी दोन्ही बाजूंना भुरभुरावी. येथे खानदेशी हाताला आवर घालावा लागतो. काळा मसाला आणि लसूण-खोबऱ्याचे वाटण शेवभाजीच्या तर्रीत शोभते, परंतु या टिक्कीत ते घातले की मांसाची चव मागे पडते. तिखटाची हौस सॉसमध्ये पुरवता येते.

चिकनसाठी मांडीचे मांस घ्यावे. छातीचा खिमा लवकर कोरडा पडतो. मिश्रण ओलसर असल्यामुळे त्यात दोन चमचे पावाचा चुरा घालावा आणि हाताला तेल लावून टिक्क्या थापाव्यात.

कच्च्या केळीची टिक्की

शाकाहारी बर्गर म्हटले की बटाटा ठरलेलाच असतो, परंतु रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी एकदा तरी कच्ची केळी वापरून पाहावीत, असा माझा आग्रह आहे. कच्च्या केळीत स्टार्च भरपूर असतो, त्यामुळे टिक्की चांगली बांधली जाते, आणि शिजल्यावर तिला बटाट्यापेक्षा घट्ट, किंचित धाग्याचा पोत येतो. दाताखाली काहीतरी आहे असे वाटणे ही बर्गरच्या टिक्कीकडून असलेली पहिली अपेक्षा, आणि ती केळी पूर्ण करतात.

हिरवीगार, कडक अशी चार केळी सालासकट दोन तुकडे करून चाळणीत वाफवावीत. पाण्यात उकडू नयेत, कारण शोषलेले पाणी पुढे टिक्की फोडते. सुरी सहज आत जाऊ लागली की बाहेर काढून पूर्ण गार होऊ द्यावीत, मगच सोलून हाताने कुस्करावीत. गरम असताना कुस्करली तर लगदा चिकट होतो. त्यात भाजलेल्या शेंगदाण्यांचा तीन मोठे चमचे जाडसर कूट, भाजलेले दोन चमचे बेसन, ठेचलेला लसूण, दोन हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, लिंबाचा रस आणि मीठ घालावे. इथे अर्धा चमचा काळा मसाला मात्र जरूर घालावा, कारण केळीची स्वतःची चव सौम्य असते आणि तिला आधार लागतो. मिश्रण अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून चार टिक्क्या कराव्यात, शिळ्या पावाच्या चुऱ्यात घोळवाव्यात आणि थोड्या शेंगदाणा तेलात मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी खरपूस परताव्यात.

तवा आणि आच

मांसाच्या टिक्कीसाठी बिडाचा तवा उत्तम. तो इतका तापावा की पाण्याचा थेंब टाकताच नाचत उडून जावा. भाजलेल्या मांसाचा तपकिरी रंग आणि सुवास ज्या रासायनिक क्रियेतून येतो, तिचे वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मेयार यांनी १९१२ साली केले. ती सुमारे १४० अंश सेल्सिअसच्या पुढे वेगाने घडते. पृष्ठभागावर ओल असेल तोवर तापमान शंभरच्या फारसे वर चढत नाही, आणि म्हणूनच थंड तव्यावर किंवा एकाच वेळी पाच-सहा टिक्क्यांची गर्दी केल्यावर मांस भाजले न जाता स्वतःच्याच पाण्यात शिजते.

टिक्की टाकल्यावर तिला हलवू नये. खालची बाजू नीट भाजली गेली की ती आपोआप तव्यापासून सुटते. साधारण चार मिनिटांनी उलटावी. उलथण्याने दाबण्याचा मोह टाळावा, कारण दाबल्यावर येणारा चुरचुर आवाज हा टिक्कीतला रस वाया जात असल्याचा असतो. अखंड तुकड्यावर जंतू पृष्ठभागी असतात, पण खिमा करताना ते आतपर्यंत मिसळतात. म्हणून टिक्की मध्यभागी पूर्ण शिजलेलीच हवी. स्वयंपाकाचा थर्मामीटर असल्यास मटणासाठी आत ७१ आणि चिकनसाठी ७४ अंश तापमान पाहावे. नसल्यास एक टिक्की मधोमध कापून आत गुलाबीपणा नाही याची खात्री करावी.

चीज हवे असल्यास शेवटच्या मिनिटाला काप टिक्कीवर ठेवावा, तव्याच्या कडेला चमचाभर पाणी सोडावे आणि लगेच झाकण घालावे. वाफेने चीज कडांवरून ओघळू लागते आणि टिक्कीला चिकटून बसते.

पाव, भाज्या आणि सॉस

पाव त्याच दिवशीचा घ्यावा. बेकरीतले पुष्कळ गोल बन गोड असतात, म्हणून बिनगोडाचा, पाकळी न सुटणारा पाव मागावा. अंगठ्याने हलके दाबून सोडल्यावर तो सावकाश पूर्ववत झाला पाहिजे. आतील बाजू लोणी लावून शेकावी. तिच्यावर तयार होणारा खुसखुशीत थर रस आणि सॉस पावात मुरू देत नाही.

लेट्यूस गावोगावी मिळत नाही आणि त्याचे अडूनही बसत नाही. पत्ताकोबी बारीक चिरून बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटे ठेवून, फडक्यावर पूर्ण कोरडी केली की तिला हवा तो कुरकुरीतपणा येतो. टोमॅटोच्या कापांना मीठ लावून पाणी निथळू द्यावे. कांदा पातळ चिरावा.

सॉससाठी घट्ट चक्का घ्यावा आणि त्यात तव्यावर भाजलेल्या हिरव्या मिरच्या व लसणाचा ठेचा, थोडा शेंगदाण्याचा कूट आणि मीठ मिसळावे. हिवाळ्यात जळगावची भरताची वांगी बाजारात आली, की त्यांचे भाजून ठेचलेले भरीत हा मला सर्वांत आवडणारा लेप आहे. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजण्याची सोय असेल तर त्या धुराचा वास मटणाच्या टिक्कीशी अप्रतिम जुळतो. भरीत कढईत परतून पाणी आटवावे आणि एका बर्गरला एक मोठा चमचाच लावावे.

खालच्या पावावर सॉस, त्यावर पत्ताकोबी, मग चीज घातलेली टिक्की, कांदा, टोमॅटो आणि वर लेप लावलेला दुसरा पाव, असा क्रम ठेवावा. टिक्कीखालची पत्ताकोबी गळणारा रस अडवते. एकूण उंची तोंडात मावेल एवढीच असावी. पंगत बसवून सर्वांना एकाच वेळी वाढण्याची आपली रीत येथे सोडावी लागते: ज्याचा बर्गर तयार झाला त्याने तो लगेच खावा, इतरांसाठी थांबू नये, आणि करणाऱ्याने दोन-दोन टिक्क्या तव्यावर टाकत राहावे.

कच्ची टिक्की उन्हाळ्यात ओट्यावर तासाभराहून जास्त ठेवू नये. उरलेल्या मटणाच्या टिक्क्यांमध्ये बटर पेपर घालून त्याच दिवशी फ्रीजरमध्ये ठेवाव्यात, आणि वापरण्याच्या आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवून हळूहळू वितळू द्याव्यात. एकदा वितळलेली टिक्की पुन्हा गोठवू नये.