कड्याकपारीतल्या जिओकॅश कशा शोधाव्यात

जीपीएसवर अंतर शून्य मीटर दिसत होतं आणि माझ्या नाकासमोर नुसती हवा होती. कड्याच्या माथ्यावर पालथी पडून मी खाली डोकावत होते. शोधत होते एक जिओकॅश, म्हणजे कुणीतरी लपवून ठेवलेली आणि जीपीएसच्या आकड्यांवरून इतरांनी शोधायची डबी. साठेक मीटर खाली, पायथ्याच्या झुडपात उभी असते तरी हाच आकडा दिसला असता. मधल्या एखाद्या टप्प्यावर दोराला लटकले असते तरी हाच. कारण जिओकॅशच्या माहितीत अक्षांश-रेखांश असतात, उंची नसते. सपाटीवर यंत्रातला बाण तुम्हाला थेट डबीपाशी नेतो. कड्यावर तो एवढंच सांगतो की डबी या उभ्या रेषेवर कुठेतरी आहे. पुढचं सगळं काम नकाशावर, जुन्या लॉगवर (आधी शोधायला गेलेल्यांच्या नोंदींवर) आणि डोळ्यांवर येतं. हे पुढचं काम कसं करायचं, ते सांगते. सोप्या शंभरेक कॅश शोधून झाल्यात आणि आता वरच्या श्रेणीच्या खुणावू लागल्यात, अशांसाठी हे आहे.

श्रेणीचा अर्थ आधी नीट लावून घ्या. प्रत्येक कॅशला दोन आकडे असतात. डी म्हणजे शोधायला किती अवघड आणि टी म्हणजे तिथवर पोचायला किती अवघड. दोन्ही १ ते ५, अर्ध्या अर्ध्या पायरीने, म्हणजे एकूण ८१ जोड्या होतात. टी ५ म्हणजे खास साहित्याशिवाय पोचता येणार नाही अशी जागा: दोर, होडी, पाण्याखाली जायची साधनं, काहीही. शांत तळ्यातल्या बेटावर होडीने जायचं असेल तरी ती टी ५ ठरू शकते, आणि २००८ मध्ये अंतराळ पर्यटक रिचर्ड गॅरियट यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात ठेवलेली कॅशही टी ५ च आहे. मला धास्ती वाटते ती टी ४ आणि ४.५ ची. दोराचं नाव निघालं की माणूस आपोआप तयारीने जातो. ४.५ ला मात्र ‘चालतच तर जायचंय’ म्हणून निघतो, आणि घसाऱ्यावर, हातापायांनी चढायच्या कातळावर, परतीच्या वाटेत अडकतो.

घरी बसून करायचं काम मोठं आहे. माझी निम्मी शोधाशोध तिथेच होते.

जुने लॉग पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा. ‘सापडली, मजा आली’ यातून काही हाती लागत नाही. न सापडल्याचे लॉग, ज्यांना आपण डीएनएफ म्हणतो, ते मात्र सोन्यासारखे. कोण कुठल्या बाजूने गेलं, कुठे वाट संपली, यंत्र कुठे भरकटलं, पाणी कधी आडवं आलं, हे सगळं चिडून-थकून लिहिलेल्या त्या चार ओळींत असतं. मी कागदावर दोन रकाने करते: कुठून जाता येतं आणि कुठून जाता येत नाही. दुसरा रकाना नेहमी जास्त भरतो आणि जास्त उपयोगी पडतो. अनुभवी लोकांचे ओळीने तीन-चार डीएनएफ असतील आणि त्यानंतर कुणालाच सापडली नसेल, तर निघण्याआधी मालकाला, म्हणजे डबी लपवणाऱ्याला, विचारा. डबी वाहून गेलेली असू शकते. कॅशच्या माहितीतली सांकेतिक सूचना उलगडून, नकाशाचा तुकडा आणि फोटो फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण घळीत रेंज मिळेल या भरवशावर जाऊ नये. उलगडणं सोपं असतं: इंग्रजी अक्षरं तेरा घरं पुढे सरकवलेली असतात, एवढंच.

मग कंटूरचा, म्हणजे समान उंचीच्या रेषांचा नकाशा. रेषा दाटल्या की चढ उभा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. रेषांमध्ये काय लपतं, ते विसरलं जातं. दोन रेषांमधलं अंतर २० मीटरचं असेल, तर १५ मीटरचा सरळ तुटलेला कडा त्यांच्या मधोमध बसून नकाशावर अजिबात दिसणार नाही. १५ मीटर म्हणजे पाच मजले. म्हणून नकाशावर मवाळ दिसणारा उतार उपग्रहाच्या छायाचित्रात पुन्हा तपासा. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हातलं छायाचित्र मिळालं, तर कड्याची सावली त्याची चुगली करते. रेषांचं टोक चढाच्या दिशेला वळलं असेल तर ती घळ, उताराच्या दिशेला वळलं असेल तर सोंड. निवड असेल तेव्हा मी सोंडेने जाते. सोंडेवरून पुढचं दिसतं, वरून दगड आला तर तो दोन्ही बाजूंना जातो आणि पाणी आपल्या वाटेने वाहत नाही.

वेळेसाठी नेस्मिथ यांचा १८९२ चा नियम अजून कामाला येतो: दर ५ किलोमीटर चालीला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. हा नियम वाटेवरच्या चालण्याचा आहे. वाट सोडून जायचं असेल तर मी येणारा आकडा सरळ दुप्पट करते आणि शोधाचे दोन तास वेगळे धरते. त्यावरून परत फिरायची वेळ ठरते. ती मनगटावर पेनाने लिहा. घरी मागे राहणाऱ्या एकाला कळवा, आणि कुठल्या वेळेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं, हेही त्याच्याशी बोलून ठेवा.

परतीचा विचार आधी करायचा, हे मी एका दुपारी शिकले. यंत्र चाळीस मीटर दाखवत होतं, बाण घळीत खाली रोखलेला होता, आणि मी बाणामागे उतरले. पुरुषभर उंचीचा एक टप्पा बसून घसरत ओलांडला, मग दुसरा. तिसरा टप्पा दिसला तो दहा मीटरचा. खाली जाणं शक्य नव्हतं, आणि मागे वळून पाहिलं तेव्हा जिथून घसरले होते, तो कातळ वर चढायला गुळगुळीत होता. तो दोन मीटरचा टप्पा परत चढायला मला दोन तास लागले. हात सोलवटले, उजेड जात आला. तेव्हापासून एक गोष्ट मोडत नाही: जे चढून परत येता येईल याची खात्री नाही, ते उतरत नाही. उतरण्याआधी थोडं खाली जाऊन लगेच वर चढून पाहते. डबी चार मीटरवर असली तरी.

आता प्रत्यक्ष जागेवर. मोकळ्या आकाशाखाली फोनमधला जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर असतो. कड्याला खेटून उभं राहिलं की अर्धं आकाश झाकलं जातं आणि उरलेल्या उपग्रहांचे संकेत कातळावर आपटून, लांबचा रस्ता घेऊन येतात. यंत्राला वाटतं आपण दुसरीकडेच उभे आहोत. यंत्र उड्या मारायला लागलं तर ते बिघडलेलं नाही, त्याला कातळाचे प्रतिध्वनी ऐकू येताहेत असं समजा. लपवणाऱ्यानेही याच कड्यापाशी आकडे घेतलेले असतात, म्हणजे त्याची चूक आणि तुमची चूक एकत्र होते. मी अशा ठिकाणी पंधरा-वीस मीटरचं वर्तुळ धरूनच चालते. या खेळाचा जन्मच अचूकतेतून झालेला आहे. नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली, शंभरेक मीटरपर्यंत जाणारी चूक मे २००० च्या सुरुवातीला काढून टाकली गेली, आणि लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी अमेरिकेतल्या ऑरेगनच्या रानात पहिली कॅश ठेवली, एक बादली. खोल घळीत त्या अचूकतेचा बराचसा भाग आपण परत गमावतो.

त्यावर उपाय असा. कड्यापासून चाळीस-पन्नास मीटर मागे, आकाश दिसेल तिथे या. यंत्र पाच मिनिटं स्थिर ठेवा. तिथून कॅशची दिशा अंशांत घ्या, होकायंत्र त्या अंशाला लावा आणि कड्यावर नजर रोखा. नजर जिथे पडते तिथली खूण लक्षात ठेवा: झाडाचं खोड, पिवळसर पट्टा, चीर. मग बाजूला पुरेसं सरकून दुसऱ्या जागेवरून हेच करा. दोन नजरा जिथे छेदतात, तिथे शोध सुरू करायचा. एक काळजी घ्या: यंत्र खरी उत्तर दिशा धरत असेल आणि होकायंत्र चुंबकीय, तर काही ठिकाणी बराच फरक पडतो. दोन्हींना एकच उत्तर दिशा लावा.

यानंतर फोन खिशात टाका. दहा मिनिटं बसा आणि लपवणाऱ्याचा विचार करा. त्यालाही दोनच हात होते. डबी ठेवताना तो कुठे उभा होता, दोर कुठे बांधला होता, डबी ठेवायला त्याचा कुठला हात मोकळा होता? कड्यावर माणूस निवांत थांबू शकेल अशा जागा फार थोड्या असतात. त्या शोधा आणि त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर पाहा. पाहण्याच्या आधी कपारीत हात घालू नका. आत टॉर्च मारा, छोटा आरसा तिरपा धरा, मगच हात, तोही हातमोज्यात. साप, विंचू, गांधीलमाशा यांनाही त्याच कपारी आवडतात.

दोराबद्दल मी इथे शिकवणार नाही. ते जाणत्या माणसाच्या हाताखाली, जमिनीवर आणि मग कमी उंचीवर शिकायचं असतं. एवढंच सांगते: एकटं जायचं नाही. हार्नेसमध्ये, म्हणजे दोराला जोडायच्या अंगावरच्या पट्ट्यांत, हालचाल न करता लटकून राहिलेला माणूस फार वेळ न लागताही जिवाला मुकू शकतो, त्यामुळे त्याला खाली किंवा वर घेऊ शकणारं कुणीतरी सोबत हवंच. दोराच्या टोकाला गाठ, कातळाच्या कडेवर दोराखाली जाड कापड, आणि उतरायच्या आधी परत वर यायचं साहित्य अंगावर. आदल्या कुणीतरी मागे ठेवलेल्या दोरावर भार टाकू नका, कितीही नवा दिसला तरी. घळीत जात असाल तर आभाळ फक्त डोक्यावरचं बघू नका. वरच्या खोऱ्यात कुठेतरी पडलेला पाऊस घळीत लोंढा होऊन येतो.

त्या शून्य मीटरच्या कड्यावर मी तीनदा गेले. तिसऱ्या वेळी दोराने अठरा मीटर उतरून एका अरुंद टप्प्यावर उभी राहिले. समोर एक आडवी चीर, आत मुठीएवढे वीसेक दगड. दोन वेळा मी वरून दुर्बिणीने याच चिरेवर नजर फिरवली होती. आता हातभर अंतरावरून दिसलं, की प्रत्येक दगडावर उजेडाच्या बाजूला राखाडी-हिरवं दगडफूल चढलेलं आहे. एकाच दगडाचं वरचं अंग कोरं होतं. तो उचलला तर दगडफूल खालच्या बाजूला, आणि पोटात भोक पाडून बसवलेली करंगळीच्या पेराएवढी डबी. चिमट्याने कागदाची गुंडाळी काढली, पेन्सिलीने नाव आणि तारीख लिहिली. ओल्या कागदावर पेन चालत नाही, म्हणून पेन्सिल.

दगड होता तसाच, उलटा ठेवला. कॅश जशी मिळाली तशी ठेवायची, ‘अधिक चांगली’ करायची नाही. सापडली नसती तरी नवी डबी टाकून शोधल्याचं मानायचं नाही. घरी आल्यावर लॉगमध्ये कुठून उतरले, दोर किती लागला, परतायला किती वेळ गेला ते लिहिलं. चिरेचा उल्लेख टाळला. दगडाबद्दल मालकाला वेगळा निरोप पाठवला. उत्तर आलं, की त्याने दगडफूल वरच ठेवलं होतं, आधीच्या कुणीतरी तो उलटा केला असणार, आणि पुन्हा कधी उतरणं झालंच तर सरळ करशील का. पाऊस संपला की जाणार आहे.