मुखत्यारपत्र वेळेत करून घ्यावे
आई-वडील थकू लागले की बहुतेक कुटुंबे मृत्युपत्राचा विचार करतात. परंतु मृत्युपत्र मृत्यूनंतरच लागू होते आणि त्याआधीच्या, स्मृती किंवा निर्णयशक्ती क्षीण होऊ शकणाऱ्या काळासाठी त्याचा काहीच उपयोग नसतो. त्या काळातील आर्थिक व्यवहार कोणी पाहावेत हे मुखत्यारपत्राने, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणाऱ्या दस्तऐवजाने, ठरते. मात्र अनेक देशांत साधे मुखत्यारपत्र, ते करून देणाऱ्याची निर्णयक्षमता गेली की निष्प्रभ होते, म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच ते हाती राहत नाही. म्हणून अक्षमतेनंतरही टिकणारे मुखत्यारपत्र आपल्याला लागू असलेल्या कायद्यात आहे का, आणि नसल्यास न्यायालयाकडून आई-वडिलांच्या वतीने निर्णय घेणारा कायदेशीर पालक नेमून घेण्याची पद्धत कोणती, हा प्रश्न वकिलाला सर्वांत आधी विचारावा.

स्मृतिभ्रंशाचे निदान झाले म्हणून सही करण्याची क्षमता त्याच क्षणी संपत नाही. कागदाचा अर्थ व परिणाम व्यक्तीला समजत असतील, तर सुरुवातीच्या टप्प्यात दस्तऐवज करता येतो. त्यासोबत डॉक्टरांचे त्याच दिवसाचे प्रमाणपत्र घेऊन ठेवावे, कारण पुढे भावंडांत वाद झाल्यास ते मोलाचा पुरावा ठरते.

उपचारांविषयीच्या इच्छाही लेखी असाव्यात. अधिकार एकाच अपत्याकडे द्यायचे असतील, तर ते का, हे आई-वडिलांनी इतरांना स्वतः सांगितलेले माझ्या मते केव्हाही चांगले, कारण नंतर दुसऱ्याच्या तोंडून कळले की मने दुखावतात. आणि प्रत्यक्ष शुश्रूषा कोण करणार, हे त्याच बैठकीत बोलून घ्यावे.