कादंबरीत उपमा-रूपकं घालताय? मग या चुका टाळा

नवीन लिहिणाऱ्यांची हस्तलिखितं माझ्याकडे वाचायला येतात, आणि खरं सांगू का, चुका त्याच त्याच असतात हो.

सगळ्यात मोठी, मला सगळ्यात जास्त छळणारी चूक म्हणजे उपमा पात्राची नसतेच, लेखकाची असते. ओळखीतल्या एका पोरानं ऊसतोडीवर कादंबरी लिहिली. नायिका बीडकडची, दिवाळीच्या आसपास टोळीबरोबर ट्रॅक्टरमधून पश्चिम महाराष्ट्रात येते, कोपीत राहते, पहाटे फडात उतरते, आणि सगळी गोष्ट तीच सांगते. माहिती एकदम चोख, मुकादमाची उचल म्हणजे मजुरीतून फेडायची आगाऊ रक्कम, मजुरीच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरणं, सगळं बरोबर. आणि पहाटेचं धुकं मात्र बाईंना दिसतं 'कॅपुचिनोवरच्या फेसासारखं'! म्हटलं अरे बाबा, तिनं कॅपुचिनो प्यायला कधी? तर म्हणे, वाचकाला समजायला नको का सर. बराच वाद झाला. शेवटी म्हटलं कागद घे, या बाईनं रोज हाताळलेल्या, ऐकलेल्या, वास घेतलेल्या गोष्टी लिहून काढ आणि त्या यादीबाहेरची उपमा वापरायची नाही. कोयता, मोळी, पाचट म्हणजे उसाची वाळलेली पानं, वाढं, चुलीतली राख, कारखान्याचा भोंगा. कुरकुरत केलं त्यानं. मग वाक्य आलं, 'धुकं असं की कुणी पाचट पेटवलंय वाटावं, फक्त धग नव्हती.' आता बघा, धुकं दिसलं, गारठा कळला, बाई कुठली तेही कळलं, आणि थंडी हा शब्दसुद्धा लागला नाही. पुढे हंगाम संपताना मुकादम हिशोब करतो आणि उचल काही फिटत नाही, तिथे ती एवढंच म्हणते, 'ऊस गेला, आम्ही पाचट.' उपमेचं रूपक झालं, आणि ते लागतं कारण पाचट आपण आधीपासून पाहत आलोय. शंभर पानांनंतर असं काही हाती लागलं की वाचकाला आपण ओळखलं याचा आनंद होतो. तो फुकट मिळत नाही, पेरावा लागतो, आणि घाईवाल्यांना नेमकी पेरणीच नको असते.

दुसरी चूक, एकावर एक थर. तिचे डोळे तळ्यासारखे, दिव्यासारखे, हरणासारखे. अरे एक काय ते ठरव! यावर हमखास उत्तर येतं की ज्ञानेश्वर एका मुद्द्याला चार-चार दृष्टांत देतात. देतात ना, पण ते 1290 साली श्रोत्यांना गीता उलगडून सांगतायत, डोळ्यांना न दिसणारी गोष्ट दिसावी म्हणून देतात. तुमच्या नायकाचा चहा गार झाला, एवढंच आहे, त्याला कशाला दृष्टांत? नाहीतर मग खांडेकरांचं नाव पुढे करतात. 'ययाति'त (1959) बोलतात ते राजा, देवयानी, शर्मिष्ठा. त्यांच्या तोंडी अलंकारिक भाषा शोभते, तुमच्या कोथरूडच्या भाड्याच्या फ्लॅटमधल्या आयटीवाल्याला नाही शोभत. मी अशा तीन उपमांतली सगळ्यात साधी ठेवतो, बाकी उडवतो, बहुतेक वेळा लेखकाची लाडकीच उडते.

चंद्रमुखी, मृगनयनी, मोत्यासारखे दात: काढून टाका, चर्चा नको.

'आठवणींच्या पुरानं मनात वणवा पेटला.' पूर की वणवा?

'जणू काही' शोधून बघा फाइलमध्ये. एका पानावर दोनदा सापडलं तर एक मी न वाचताच कापतो.

मरणाच्या प्रसंगात शक्यतो उपमाच नको. मेलेल्या माणसाच्या चपला दाराशी आहेत एवढं लिहा, पुरतं.

आणि एआयला 'पावसासाठी दहा उपमा दे' म्हणणाऱ्यांनी कृपया मला हस्तलिखित पाठवू नका. दहाही उपमा बऱ्या असतात, पण तुमच्या पात्राच्या घरावर पत्रा आहे की कौलं, हे त्यातल्या एकीलाही माहीत नसतं.